माळ घडविणारे हात

आषाढ जवळ येऊ लागला की महाराष्ट्राच्या वाटा पंढरीकडे वळतात. आळंदीहून ज्ञानोबांची, देहूहून तुकोबांची, त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची, अशा संतांच्या पालख्या निघतात आणि लक्षावधी माणसे ऊन-पावसाची तमा न बाळगता चालू लागतात. त्यांत शेतकरी असतो, शिक्षक असतो, निवृत्त अधिकारी असतो आणि अलीकडे संगणकासमोर बसून नोकरी करणारा तरुणही असतो. वेष निराळे, बोली निराळी, जाती निराळ्या. परंतु या सर्वांच्या गळ्यात एक वस्तू सारखीच असते. ती म्हणजे तुळशीची माळ. वारीची वर्णने दरवर्षी होतात. छायाचित्रे निघतात, रिंगणाचे चित्रण घरोघरी पोहोचते. मात्र ज्या माळेवरून वारकऱ्याला 'माळकरी' हे नाव मिळाले, ती माळ कोणी घडविली, कोणत्या घरात घडविली आणि ते घर आज कसे जगते आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हिंदू समाजाने तो स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

वारकरी संप्रदायात माळ हा दागिना नव्हे. माळ घालणे हा एक संस्कार आहे. ज्ञानेश्वरीवर माळ ठेवावयाची आणि फडावरील अधिकारी व्यक्तीच्या हातून ती गळ्यात घालून घ्यावयाची, अशी रीत आहे. त्या क्षणापासून माणूस काही बंधने आपण होऊन स्वीकारतो. मद्य-मांस वर्ज्य, एकादशीचे व्रत, पंढरीची वारी, नित्य हरिपाठ आणि परस्त्री-परद्रव्याचा लोभ नाही, हे त्या बंधनांचे स्वरूप होय. त्यासाठी त्याच्यावर कोणी पहारा ठेवीत नाही. गळ्यातील माळ हाच त्याचा पहारेकरी असतो. माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत अन्नाचा घास न घेणारे माळकरी आजही खेडोपाडी आढळतात. ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य घरे दारूपासून वाचली ती कोणत्याही कायद्याने नव्हे, तर घरातील कर्त्याने माळ घातली म्हणून. समाजसुधारणेचा इतका अल्पखर्चिक आणि इतका टिकाऊ उपाय दुसरा क्वचितच सापडेल.

या माळेने आणखी एक मोठे कार्य केले आहे. ती घालण्यासाठी जात विचारली जात नाही. माळकरी एकमेकांना भेटला की तो दुसऱ्याच्या पायावर डोके ठेवतो आणि दुसराही लगेच वाकतो. शास्त्रार्थाच्या सभांतून जी समता उतरली नाही, ती या एका कृतीने वाळवंटात उतरविली. सामाजिक समरसता हा शब्द प्रचारात येण्यापूर्वी कित्येक शतके तिचा आचार चंद्रभागेच्या काठी चालू होता, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

अशी ही माळ तयार होते कशी? शेतात लावलेली तुळस पूर्ण वाढते, मंजिऱ्या येऊन जातात, झाड उतरणीला लागते. तुळस हे झुडूप आहे. तिचे खोड बोटाएवढे जाड झाले तरी पुष्कळ म्हणावयाचे. वाळलेल्या झाडाचे बुंध्याकडील कठीण लाकूड आणि जाड फांद्या तेवढ्या निवडल्या जातात. त्यांची साल काढावयाची, सारख्या मापाचे तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्याच्या मध्यातून आरपार भोक पाडावयाचे, मग तो फिरता ठेवून धारदार हत्याराने गोल करावयाचा. पूर्वी हे सारे कामठ्याच्या दोरीने फिरणाऱ्या साध्या हत्यारावर होत असे. आता अनेक घरांत विजेवर चालणारी लहान मोटर आली आहे. परंतु मोटर आली तरी काडी धरणारा हात माणसाचाच असतो. भोक रेसभर बाजूला सरकले की मणी दुभंगतो, हत्याराचा दाब किंचित वाढला की तो निसटतो. लाकडात गाठ किंवा कीड असली की तो तुकडा बाद होतो. तयार मण्यांची आकाराप्रमाणे प्रतवारी करावयाची आणि मग ते ओवावयाचे. हे ओवण्याचे काम बहुधा घरातील स्त्रिया करतात. गळ्यातील माळ वेगळी आणि जपाची माळ वेगळी. जपमाळेत 108 मणी आणि त्यांच्या माथ्यावर एक मेरुमणी असतो. जप करताना मेरू ओलांडावयाचा नसतो. तेथून माळ उलट फिरवावयाची असते. मण्यामण्यांत गाठ मारलेली असेल तर मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी सारे मणी विखुरत नाहीत. ही प्रत्येक गाठ बोटांनी मारावी लागते.

पंढरपुरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेला समाज म्हणजे काशीकापडी समाज. ज्याच्या नावातच काशी आहे आणि ज्याचा संसार पंढरीत आहे, असा हा समाज महाराष्ट्र शासनाच्या सूचीत भटक्या जमाती 'ब' या प्रवर्गात मोडतो. ज्यांना समाजाने शतकानुशतके गावकुसाच्या कडेला ठेवले, त्यांच्याच हातची वस्तू समाजाने आपल्या कंठाशी धारण केली. हा विरोधाभास हिंदू समाजाने शांतपणे समजून घेण्यासारखा आहे. माळ पवित्र, ती घालणारा पूज्य, तिच्यावर जपले जाणारे नाम तर परमपवित्र. आणि ती घडविणारा मात्र कोणाच्या खिजगणतीत नाही. ज्याला समरसता म्हणावयाचे तिची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

या श्रमाचे मोल काय होते, याचा एक नमुन्यादाखल हिशेब करून पाहावा. साल काढण्यापासून ओवण्यापर्यंतच्या सर्व क्रिया मिळून एका मण्यामागे केवळ एक मिनिट धरले, तर 108 मण्यांच्या माळेला 1 तास 48 मिनिटे लागतात. आठ तासांच्या दिवसात चार माळा पुऱ्या होतात आणि पाचवी अर्ध्यावर राहते. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर 2024-25 या वर्षात दिवसाला 297 रुपये मजुरी होती. म्हणजे रस्त्यावर माती उचलणाऱ्या मजुराइतकीच मजुरी माळ घडविणाऱ्याला द्यावयाची म्हटली, तरी एका माळेची नुसती मजुरी सुमारे 67 रुपये होते. तीत तुळशीच्या लाकडाची किंमत नाही, दोरा नाही, वीज नाही, बाद झालेले मणी नाहीत, की वारीच्या गर्दीत दिवसभर उभे राहून केलेली विक्री नाही. सरावलेला हात याहून वेगाने चालत असेल, मोटरीने काही वेळ वाचत असेल, हे मान्य. तरीही हस्तकौशल्याचे कोणतेही अधिक मोल न धरता हा आकडा येतो. आणि नेमक्या याच माळेसाठी मंदिराच्या वाटेवर वीस रुपये कमी करण्यासाठी घासाघीस चालते. हजारो रुपयांचे पादत्राण छापील किमतीला मुकाट्याने घेणारा सुशिक्षित भाविक माळेच्या बाबतीत तेवढा व्यवहारचतुर होतो.

या घासाघिशीचा परिणाम बाजारात दिसतो. तीर्थक्षेत्रांच्या दुकानांत प्लास्टिकच्या मण्यांच्या माळा ढिगांनी लटकलेल्या असतात. त्या हुबेहूब एकसारख्या, चकचकीत आणि स्वस्त असतात. त्याहून अवघड प्रकार म्हणजे कोणत्याही हलक्या लाकडाचे यंत्रावर काढलेले मणी 'तुळशीचे' म्हणून विकणे. प्लास्टिक निदान ओळखू येते, हे ओळखू येत नाही. तुळशीचे खोड मुळातच बारीक असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याने बोराएवढ्या टपोऱ्या, एकाच साच्यातून काढल्यासारख्या, मातीमोल भावाच्या मण्यांची माळ पाहून दोन प्रश्न अवश्य विचारावेत. परंतु प्रश्न विचारणारे गिऱ्हाईकच नाही, म्हणून खरा कारागीर खोट्या मालाशी किमतीच्या बळावर झुंजत राहतो. ती झुंज त्याने हरणे हे ठरल्यासारखेच आहे. व्रजभूमीत मथुरा-वृंदावनाच्या परिसरातही तुळशीच्या कंठी घडविण्याची मोठी परंपरा आहे. तेथील माळ पंढरीत आली किंवा पंढरीची तिकडे गेली तर त्यात वाईट काही नाही. ती भक्तीच्या देशव्यापी नात्याचीच खूण ठरेल. चिंता आहे ती तुळस नसलेल्या तुळशीमाळेची.

या व्यवसायाचे आणखी एक दुबळे अंग 2020 साली उघडे पडले. पंढरीच्या चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्या म्हणजे माळ घडविणाऱ्यांचा सुगीचा काळ. वर्षभर घडवावयाचे आणि वारीला विकावयाचे, असे हे गणित. कोरोनाच्या टाळेबंदीत 2020 ची चैत्री वारी झाली नाही. आषाढीला संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरीला गेल्या आणि मागे वारकरी नव्हते. कार्तिकीलाही भाविकांना वाट बंद होती. 2021 च्या आषाढीलाही पादुका बसनेच आल्या. वारी चुकल्याचे दुःख साऱ्या महाराष्ट्राने व्यक्त केले आणि ते अंतःकरणापासूनचे होते. परंतु ज्या घरात माळांच्या जुड्या बांधून तयार होत्या आणि घेणारा कोणी नव्हता, त्या घराचे दुःख फारसे कोणाच्या कानी गेले नाही. 2022 साली वारी पुन्हा पायी निघाली. मात्र दीड-दोन वर्षांच्या खंडात घरातील मुलगा दुसऱ्या कामाला लागला असेल, तर वारी सुरू झाली म्हणून तो लेथवर परत येऊन बसेलच असे नाही. हस्तकला मरते ती अशी, गाजावाजा न होता, एकेका घरातून.

येथे दोन आक्षेप घेतले जातील आणि ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप असा की, भक्ती मनाची असते, मण्याची नव्हे. मणी प्लास्टिकचा असला म्हणून नाम उणे होते काय? नाम उणे होत नाही, हे खरेच. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने बोटांच्या पेरांवर जप करावा, त्यालाही परंपरेने मान्यता दिली आहे. परंतु जो माळ घेऊ शकतो आणि घेतो, त्याने ती कोणत्या झाडाची आणि कोणाच्या हातची याविषयी उदासीन राहावे, असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. संतपरंपरेकडे पाहिले तर उलटच दिसते. सावता महाराजांनी मळ्यात, गोरोबाकाकांनी चाकावर, नरहरी महाराजांनी सोनाराच्या शेगडीपाशी, सेना महाराजांनी वस्तरा हाती धरून आणि नामदेवांनी शिंप्याच्या घरात भक्ती केली. त्यांनी हाताचे काम सोडून देव शोधला नाही. हातचे काम नेटके करणे हाच त्यांच्या भक्तीचा एक भाग होता. त्या संतांचे नाव घेत फिरणारी माळ जर कारागिराच्या श्रमाची किंमत बुडवून आलेली असेल, तर त्या जपात काहीतरी राहून गेले आहे, एवढे निश्चित.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परंपरागत व्यवसाय टिकवा असे म्हणणे म्हणजे जातीच्या चौकटी टिकवा असे म्हणणे नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ असले पाहिजे. माळ घडविणाऱ्याच्या मुलाने माळाच घडवाव्यात असा आग्रह कोणी धरू नये. त्याने शिकावे, अभियंता व्हावे, प्रशासकीय सेवेत जावे. परंतु त्याने वडिलांचे काम सोडावे ते स्वेच्छेने, उपासमारीने नव्हे. आणि ज्याला ते करावेसे वाटेल, मग तो कोणत्याही जातीत जन्मलेला असो, त्याला त्यातून मानाने पोट भरता आले पाहिजे. कौशल्य ही राष्ट्राची संपत्ती आहे. ती एका जातीच्या पाठीवर बांधलेले ओझे राहता कामा नये. वसंत व्याख्यानमालेत 1974 साली पुण्यात बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता आणि विषमतेविरुद्ध जी निःसंदिग्ध भूमिका मांडली, तिचा व्यवहारातील अर्थ हाच आहे. माणूस जन्माने बांधला जाऊ नये आणि त्याचे श्रम जन्मामुळे हलके लेखले जाऊ नयेत.

भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे 1990 च्या दशकात जे काम उभे राहिले, त्याने या दिशेने काय करता येते ते दाखवून दिले आहे. त्या कामाला आयुष्य देणारे गिरीश प्रभुणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. ज्यांच्या घरात कौशल्य आहे पण शाळा नाही, त्यांना शाळा द्यावी आणि शाळा देताना त्यांचे कौशल्य हिणवू नये, हे त्या प्रयोगाचे सूत्र आहे. माळ घडविणाऱ्या वस्तीलाही तेच लागू पडते.

शासनाच्या बाजूनेही वाट उघडलेली आहे. भारतीय मजदूर संघ कित्येक दशके विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळत आला. त्याच दिवशी, 17 सप्टेंबर 2023 रोजी, केंद्र सरकारने 'पीएम विश्वकर्मा' योजना आरंभिली. तीत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. कारागिराला अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत साहाय्य, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन आणि 5 टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांचे विनातारण कर्ज, असे तिचे स्वरूप. हाताने काम करणाऱ्याला सावकाराच्या दारातून सोडविणारी ही योजना स्वागतार्ह आहे. परंतु तिच्या सूचीत 'मालाकार' आहे तो फुलांचे हार गुंफणारा. लाकडाचा मणी कातून माळ घडविणाऱ्याचा स्वतंत्र उल्लेख त्या अठरांत नाही. पंढरपूरचा कारागीर अर्ज घेऊन गेला तर त्याला कोणत्या रकान्यात बसवावयाचे, हा प्रश्न कारकुनी वाटला तरी त्यावर त्याची अवजारे आणि त्याचे कर्ज अवलंबून आहे. लोकप्रतिनिधींनी हा मुद्दा लावून धरला पाहिजे. यासाठी नवी योजना नको, विद्यमान योजनेत एक ओळ वाढवावयाची आहे.

तथापि सर्व काही शासनाने करावे ही वृत्ती संघटित समाजाला शोभणारी नाही. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, स्वदेशी आणि नागरी कर्तव्य अशी पंचपरिवर्तनाची दिशा स्वयंसेवकांपुढे ठेवली गेली. तुळशीची एक माळ या पाचांपैकी निदान चारांना स्पर्श करते. ती घडविणारा भटक्या समाजातील आहे, ती घातली जाते घरातील वडिलधाऱ्यांच्या आशीर्वादाने, ती मातीत मिसळून जाणाऱ्या झाडाची आहे आणि ती अस्सल स्वदेशी आहे. परदेशी मालावर बहिष्काराची पत्रके वाटणाऱ्या कार्यकर्त्याच्या देवघरात प्लास्टिकची जपमाळ असेल, तर स्वदेशीची सुरुवात देवघरापासूनच करावी लागेल.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक दिंडीने आपल्या नव्या माळकऱ्यांसाठी लागणाऱ्या माळा प्रस्थानाच्या दोन-तीन महिने आधी थेट कारागिराकडे सांगाव्यात आणि काही रक्कम आगाऊ द्यावी. म्हणजे त्याला लाकडासाठी कर्ज काढावे लागणार नाही. सत्संग, कीर्तन महोत्सव, ज्येष्ठांचे सत्कार अशा कार्यक्रमांतून शाल-श्रीफळाबरोबर माळ द्यावयाची असेल तर ती कोणाकडून घेतली हे व्यासपीठावरून सांगावे. देवस्थानांनी आपल्या परिसरात माळ घडविणाऱ्यांना बसण्यासाठी निश्चित जागा द्यावी. तेथे भाविकांच्या डोळ्यांदेखत मणी घडला, तर खऱ्या-खोट्याचा वाद आपोआप मिटेल. घरोघरच्या वृंदावनातील तुळस वाळली की ती नदीत सोडण्याची पद्धत आहे. तिचा जाड बुंधा जपून ठेवला आणि वस्तीवस्तीतून गोळा करून कारागिराकडे पोहोचविला, तर नदीही स्वच्छ राहील आणि अंगणातील तुळस कोणाच्या तरी गळ्यात वारीला जाईल. शाळेच्या सहली पंढरपुरास जातात. मुलांना मंदिराबरोबरच माळ घडविणाऱ्याचे घरही दाखवावे. रक्षाबंधनाला वस्त्यांवर जाण्याची प्रथा स्वयंसेवकांत आहेच; पंढरपुरात त्या दिवशीची पहिली राखी या घरी बांधली जावी.

आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे माळेच्या किमतीत घासाघीस करू नये. ज्या वस्तूच्या साक्षीने खोटे न बोलण्याचा संकल्प करावयाचा, तिच्या खरेदीतच दुसऱ्याच्या घासातले वीस रुपये काढून घेणे हे त्या संकल्पाशी विसंगत आहे.

जप करणाऱ्याच्या बोटांखालून मणी पुढे सरकतो तेव्हा त्याला स्पर्श करणारी ती पहिली बोटे नसतात. त्याआधी कोणीतरी तो मणी उन्हातून वेचला, सोलला, विंधला, गोल केला आणि ओवला. 108 मण्यांच्या आवर्तनात त्या अनामिक हातांची आठवण एकदा जरी झाली, तरी माळ घडविणाऱ्याच्या घरातील चूल आणि माळ घालणाऱ्याच्या गळ्यातील श्रद्धा यांच्यामधील अंतर कमी होईल. ते अंतर मिटविणे हेच संघटनेचे काम आहे. येत्या वारीला माळ घेताना प्रत्येक भाविकाने, ती देणाऱ्याला, 'ही तुमच्या घरी घडविलेली का?' एवढे विचारून त्याचे मोल पुरते चुकते केले, तर त्या कामाला मंदिराच्या दारातच आरंभ होईल.